जांभळ्या कापडाचे दिवस

दरवर्षी उन्हं चटकायला लागली की आमच्या चर्चमधले संत दिसेनासे होतात. जात कुठे नाहीत, आपापल्या कोनाड्यातच असतात. पण त्यांच्यावर डोक्यापासून पायापर्यंत जांभळं कापड येतं. मरियामाता, हातात काठी घेतलेला योसेफ, कडेवर बाळ घेतलेला संत अंतोनी, आणि वेदीमागचा तो मोठा क्रूससुद्धा. ईस्टरच्या आधीचा हा पंधरवडा. उपासकाळ तसा राखेच्या बुधवारीच सुरू झालेला असतो, घरात मटण शिजून महिना उलटलेला असतो. पण माझ्या मनातला उपासकाळ सुरू होतो तो या जांभळ्या कापडानेच.

ही कापडं धुऊन इस्त्री करायचं काम हल्ली माझ्याकडे आहे. पेटीतून काढली की त्यांना डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि त्याच्या खाली मेणबत्त्यांचा, जुना, थोडासा तेलकट. परवा मी गॅलरीत ती वाळत घातली, तर समोरच्या पवारवहिनींनी विचारलंच, "एवढ्या जांभळ्या चादरी कुणाच्या हो?"

"देवांच्या," मी म्हटलं. "ईस्टरपर्यंत मूर्ती झाकून ठेवतात आमच्यात."

"म्हणजे आमच्या चातुर्मासासारखं? तुमचेही देव झोपतात?"

"ते जागेच असतात. उपास आपल्या डोळ्यांना."

हे उत्तर मी तिथल्या तिथे दिलं आणि माझं मलाच आवडलं. वहिनींनाही आवडलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी वाटीभर द्राक्षं पाठवली. त्यांचं माहेर दिंडोरीकडचं, आणि हे दिवस तिकडे द्राक्षांच्या काढणीचे. गंगापूर रोडला सकाळी भाजी घ्यायला गेलं तरी क्रेट भरलेल्या गाड्या बाजूने जातात आणि हवेत तो आंबूसगोड वास राहतो. जांभळं कापड आणि द्राक्षांचा वास, दोन्ही एकदमच येतात. त्यांच्या मागोमाग मनात आई येते.

लहानपणी मला त्या झाकलेल्या मूर्तींची भीती वाटायची. त्याला भीती म्हणावं की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रोजची मरियामाता ओळखीची होती. तिच्या निळ्या ओढणीचा एक टवका उडालेला होता, तो कुठे आहे हे मला पाठ होतं. तीच एका रविवारी जांभळ्या कापडाखाली गेली की एकदम मोठी वाटायची. आत कोण आहे हे ठाऊक असूनही अनोळखी वाटायची. अंतोनीच्या कडेवरच्या बाळाचा कापडाला आलेला तो उंचवटा मी पापणी न लववता बघत बसायचे. रोज दिसत होती तेव्हा मी त्या मूर्तींकडे कधी इतकं बघितलं नव्हतं.

आई दिंडोरीजवळच्या एका खेड्यातली, पिढीजात कॅथलिक. तिचा देवाशी सगळा व्यवहार हातांनी चालायचा. चर्चमध्ये शिरली की आधी मरियामातेच्या पायांना हात, मग तो हात स्वतःच्या कपाळाला, मग माझ्या कपाळाला, आणि उरलासुरला असला तर पिशवीतल्या माझ्या रिझल्टला. मोगऱ्याचा गजरा स्वतःच्या केसांत माळायच्या आधी ती त्याचा तुकडा तोडून मूर्तीच्या पायाशी ठेवायची. मग उभ्या उभ्या बोलायची, पुटपुटत नाही, चांगलं ऐकू येईल असं. "पोरीचा ताप उतरू दे गं माये. आणि ह्यांच्या डोक्यात जरा उजेड पाड."

'हे' म्हणजे आमचे पप्पा. पप्पा प्रॉटेस्टंट. तेही तिसऱ्या पिढीचे, आणि पेशाने सुतारकामाचे शिक्षक. त्यांच्या चर्चमध्ये एक पांढरी भिंत आणि तिच्यावर एक साधा, रिकामा क्रूस, बस. मूर्ती नाही, तसबीर नाही, उदबत्ती नाही. पेटी, झांजा आणि माणसांचे गळे, एवढ्यावर तिथे देव उतरायचा. आणि उतरायचा हे मी शपथेवर सांगेन. "भिंत मोकळी असली की देवाला जागा होते," असं पप्पा म्हणायचे. दोघांचं लग्न दोन चर्चमध्ये दोनदा लागलं होतं, आणि माझे रविवार निम्मे निम्मे वाटलेले होते. सकाळी पप्पांच्या बाकावर, संध्याकाळी आईच्या.

मूर्तीवरून त्यांची भांडणं रंगायची. पप्पा दहा आज्ञांतली दुसरी, 'मूर्ती करू नको' ही आज्ञा काढायचे, तर आई म्हणायची, आमच्या मोजणीत दुसरी आज्ञा वेगळीच आहे. आणि ते खरंच होतं. दोन्ही चर्चमध्ये आज्ञा दहाच, पण मोजायची पद्धत निराळी. मग पप्पा शेवटचं हत्यार काढायचे. "मी आयुष्यभर लाकूड तासलंय. मला लाकडापुढे वाकायला सांगू नकोस."

"ख्रिस्ताचा बाप पण सुतारच व्हता," आई म्हणायची, आणि भाकरी थापायला लागायची.

एकदा मात्र ती चिडली होती. "मी काय येडी हाय का? लाकूड हाय ते मलाबी दिसतं. पण माणसाला हात लावायला काहीतरी पायजे का नको? नुसत्या हवेला कुठं हात लावू?"

वर्षातून एक दिवस तिला या सगळ्याहून मोठा होता, गुड फ्रायडे. त्या दुपारी वेदीपुढे तो मोठा क्रूस आणतात. फादर त्याच्यावरचं जांभळं कापड एकदम नाही, थोडं थोडं करून उतरवतात. आधी एक हात दिसतो, मग दुसरा, मग सगळा ख्रिस्त. मग चर्चमधलं एकूण एक माणूस चपला काढून रांगेने पुढे जातं, गुडघे टेकतं आणि त्या लाकडी पायांना ओठ लावतं. आईने यातलं एकही वर्ष चुकवलं नव्हतं. माझ्या वेळी दिवस भरत आले होते तरी ती गेली होती म्हणे, आणि गुडघे टेकल्यावर तिला उठवायला तिघी लागल्या होत्या. पप्पा तिला सायकलवरून सोडायचे, पुढे स्कूटरवरून, आणि ती बाहेर येईपर्यंत गेटजवळच्या कडुलिंबाखाली उभे राहायचे. आत कधी गेले नाहीत.

मग कोरोना आला. आधी चर्चच बंद झालं. मग उघडलं, तर क्रुसाला लांबूनच नमस्कार करा, ओठ लावू नका, हात लावू नका. आईला ते फार लागलं. ती घरी येऊन म्हणाली, "आजारी माणसाला काचेतून भेटून आल्यासारखं झालं." हे तिने दोन वर्षं सोसलं. त्यानंतरच्या नाताळात फादरनी सांगितलं की येत्या गुड फ्रायडेला पुन्हा पूर्वीसारखं होईल. आईचा चेहरा असा उजळला की माहेरी बोलावणं आलंय असं कुणालाही वाटावं. आणि जानेवारीत तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं.

तोच तो उपासकाळ. इतके उपासकाळ आले आणि गेले, मला आठवतो तो हाच.

आम्ही तेव्हाही इथेच राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. डॉक्टरांनी आईला हलवायलाच मनाई केली होती. खिडकीतून ऊन तिच्या पलंगावर यायचं आणि दुपारी भिंतीवर सरकायचं. खालून द्राक्षवाल्याची आरोळी यायची. आईची जीभ जड झाली होती, पण सवय मोडली नव्हती. ती अडखळत का होईना, पप्पांना टोमणे मारायचीच. फादर दर शुक्रवारी तिला प्रसाद द्यायला घरी यायचे. घरात तिच्या उशाशी छोटा क्रूस होताच. फादर म्हणाले, "बाई, गुड फ्रायडेला ह्यालाच ओठ लावा. देव तोच आहे."

फादर गेल्यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "देव त्योच हाय, मला ठाव हाय. पण हा घरचा. ह्यो माझ्याकडं ऱ्हातो. वर्षातनं एकदा आपण उठून त्याच्याकडं जायचं असतं."



मूर्तींवर जांभळं कापड आलं त्या रविवारी संध्याकाळी तिने विषय काढला. पप्पा तिला चमच्याने पेज भरवत होते.

"अहो, यंदा तुम्ही जा."

"कुठे?"

"क्रुसाकडं. माझ्या वाटचे ओठ लावून या."

पप्पांचा चमचा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही जाईल की."

"ती तिचं करंल. माझं कोन करनार?" आई दम खात खात बोलत होती, पण थांबत नव्हती. "लग्नात तुमच्याच पाळकानं सांगितलं व्हतं ना, दोघं एक देह झाले म्हनून? त्यातलं अर्धं हितं पडलंय. उरलेलं अर्धं तुम्ही."

पप्पा एरवी वादात हार जाणारे नव्हेत. त्या दिवशी त्यांनी वाटी खाली ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आईने डोळे मिटले. दोघांचीही मला इतकी दया आली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळली.

नंतर मी गॅलरीत गेले तेव्हा पप्पा बोलले. मला वाटतं, ते स्वतःशीच बोलत होते. "माझ्या आजोबांना गावच्या देवळाची पायरी चढायची बंदी होती. देवाला हात लावायचं तर सोडच. सावलीसुद्धा पडायला नको. मग एक दिवस त्यांना असा देव भेटला, ज्याला हात लावावाच लागत नाही. ना देवळाची पायरी, ना गाभारा, ना मूर्ती. कुठेही बसा आणि हाक मारा. त्यांची मान तेव्हा जी वर झाली, ती पुन्हा कशापुढे वाकवायची नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. तुझ्या आईला हे कसं सांगू?"

मी म्हटलं, "आईच्या आजोबांनाही तीच बंदी होती, पप्पा."

ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. एकाच समाजातली, एकाच तालुक्यातली घरं ती. पण दोन्ही एकाशेजारी एक ठेवून त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत मीही नाही. एका आजोबांना हवा होता हात न लावता भेटणारा देव. दुसऱ्या आजोबांना हवा होता कुणीही यावं आणि खुशाल हात लावावा असा देव. दोघांनाही जे हवं ते मिळालं. माणसाच्या एकाच दुःखातून एक कोरी भिंत आणि हात लागून झिजलेला एक पाय, अशा दोन गोष्टी निघतात, हे मला आजही नवल वाटतं. त्यातलं कुठलं जास्त भक्तीचं, हे ठरवायला मी कोण?

पवारवहिनी अशा वेळी 'देव भावाचा भुकेला' म्हणून मोकळ्या होतात. बरोबरच आहे त्यांचं. पण देव भुकेला असला तरी ताट माणसालाच वाढावं लागतं, आणि ते कसं वाढायचं यावरून माणसं जन्मभर भांडतात.

ते सगळे दिवस पप्पा 'येतो' म्हणाले नाहीत आणि 'येत नाही' असंही म्हणाले नाहीत. आईनेही पुन्हा विचारलं नाही. फक्त गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी चर्चमधून आणलेली झावळी तिने डाव्या हाताने छातीवर धरून ठेवली आणि दिवसभर सोडली नाही.

एक सांगून ठेवते. पुढे जे झालं त्याने पप्पा बदलले, असं कुणी समजू नये. आई त्याच पावसाळ्यात गेली. पप्पा आजही दर रविवारी आपल्या पांढऱ्या भिंतीसमोरच बसतात, आणि परवा माझी इस्त्री चालली होती तर म्हणाले, "संतांना उकडत नसेल का गं?"

त्या गुड फ्रायडेला दुपारी मी साडी नेसून बाहेर आले, तर पप्पा पांढरा सदरा घालून दाराशी उभे. आईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पवारवहिनींना तिच्याजवळ बसवून आम्ही निघालो. कडुलिंबाखाली पोचल्यावर सवयीने त्यांचे पाय थांबले. मग त्यांनी विचारलं, "चपला इथे काढायच्या की आत?"

त्या दिवशी घंटा वाजत नाही. घंटेऐवजी कोरड्या आवाजाची लाकडी फळी खटखट वाजवतात. वेदी उघडी, ना फुलं ना मेणबत्त्या. बाजूला जांभळ्या कापडातले ते उभे संत. पंखे फिरत होते आणि त्यांच्या वाऱ्याने मरियामातेचं कापड हलत होतं, आत कुणी श्वास घेतंय इतकं हळू. फादरनी कापड उतरवलं. क्रूस पायरीवर तिरका टेकवला, दोन माणसांनी तो दोन बाजूंनी धरला, आणि शेजारी एक सिस्टर पांढरा रुमाल घेऊन उभी राहिली. प्रत्येकाचे ओठ लागले की ती रुमाल एकदा फिरवायची.

रांग सुरू झाली. किती तऱ्हेचे लोक होते! द्राक्षाच्या मळ्यांवरून आलेले पेठ-सुरगाण्याकडचे मजूर, नखं अजून फवारणीच्या औषधाने निळसर. ड्यूटीवरून तशाच आलेल्या नर्सा. काठी टेकत येणारे म्हातारे. एक बाई आली, तिने आधी पदराने स्वतःचे ओठ पुसले आणि मगच टेकवले. एक आडदांड माणूस नुसता कपाळ टेकवून राहिला, त्याचे खांदे हलत होते. कुणी कुणाला कुठला म्हणून विचारत नव्हतं. दोन वर्षं हात आखडून धरलेली ही सगळी माणसं, आणि त्या एवढ्याशा दोन पायांवर सगळ्यांचं सगळं. मी असं काही पाहिलं नव्हतं, आणि तरी दरवर्षी हेच पाहत होते.

पप्पा माझ्या पुढे होते. त्यांची पाळी आली. गुडघे टेकताना त्यांना त्रास झाला. त्यांना त्याची सवय नव्हती. खाली बसून ते त्या पायांकडे बघतच राहिले. शेकडो ओठांनी तिथला रंग केव्हाच गेला होता, बोटं एकमेकांत मिसळली होती. मग त्यांनी खिशातून आपला रुमाल काढला. आधी एक पाय पुसला, मग दुसरा. टाच, घोटा, बोटांच्या मधल्या खाचा, खिळ्याच्या भोवती जरा जपून. जानेवारीपासून रोज संध्याकाळी ते आईचे पाय असेच पुसत होते, तिला दुखू नये म्हणून असेच सावकाश. सिस्टर आपला रुमाल तसाच धरून उभी राहिली. रांग थांबली. क्रूस धरणाऱ्या माणसांनी तो फक्त आणखी थोडा खाली केला. पप्पांनी दोन्ही पायांवर एकदा तळवा ठेवला, उठले आणि निघाले.

परतीच्या रिक्षात ते रुमालाची घडी घालत होते. "सागवान आहे," ते म्हणाले. "आणि नुसत्या ओठांनी झिजलंय. मी एवढं लाकूड तासलं, पण इतकं गुळगुळीत मला कधी करता आलं नाही." थोड्या वेळाने त्यांनी एकदम रिक्षावाल्याला थांब म्हटलं.

"काय झालं?"

"अगं, ओठ लावायचे राहिले."

परत जावं तर एव्हाना क्रूस आत गेला असेल. मी म्हटलं, "आईला काय कळणार आहे? लावले म्हणून सांगा."

"आजच्या दिवशी खोटं?" ते म्हणाले. "आणि तिला?"

घरी आलो तेव्हा आई दाराकडे डोळे लावूनच होती. पवारवहिनी उठून बाजूला झाल्या. पप्पा पलंगाशी जाऊन उभे राहिले. वर्गात पट्टी घेऊन उभे राहणारे पप्पा, आणि आता हात कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

"गेलो होतो," ते म्हणाले. "पण तुझं काम राहिलं गं. ओठ लावायचं विसरूनच गेलो. नुसते पाय पुसले आणि उठून आलो."

मला वाटलं, हिला आता काय काय वाटत असेल, दोन वर्षं वाट पाहिली आणि शेवटी हे. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं, उजवा डोळा कोरडाच होता. तिने डावा हात पुढे केला. पप्पांनी त्यात आपला हात दिला.

"जन्मभर मी नुसते मुके घेत आले त्याचे," ती म्हणाली. "खिळे ठोकलेले पाय ते. जरा पुसून द्यावेत, असं मला येका वर्षीबी सुचलं नाय."